बॉयलरच्या हिवाळ्यात घेतलेली सही मी रद्द करते

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, विधवा, विमा कंपनीच्या तक्रार विभागातून निवृत्त, असे लिहून ठेवते की हे माझे शेवटचे मृत्युपत्र आहे. ते मी माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिले आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी कोणत्याही गुंगीच्या औषधाखाली नाही. माझे मन ठिकाणावर आहे, आणि या खोलीत श्वास घ्यायला स्वच्छ हवा आहे. शेवटची गोष्ट मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही. मला लिहावी लागते. का, ते पुढे येईल.

डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो ताजा आहे.

उद्या सकाळी कोर्टात माझ्या धाकट्या मुलाच्या अर्जाची सुनावणी आहे. त्याचे म्हणणे असे की त्याच्या आईचे डोके चालेनासे झाले आहे, म्हणून तिचे घर, तिची बँक आणि ती स्वतः, तिन्ही त्याच्या ताब्यात द्यावीत. अर्ज मंजूर झाला तर उद्या दुपारपासून माझी सही ही सही राहणार नाही, नुसती शाई राहील. म्हणून हा कागद आजच व्हायला हवा.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, एवढं सगळं लिहायची गरज नाही. दोन पानांत बसतं."

मी म्हटले, "दोन पानांत मागचं बसलं होतं."

कलम १. मागील मृत्युपत्र

गेल्या हिवाळ्यात माझ्या नावाने एक मृत्युपत्र झाले आहे. त्यात सगळे काही धाकट्याला दिलेले आहे. त्यावरची सही माझीच आहे, ते मी नाकारत नाही. ती ओळ सोडून घसरत खाली गेली आहे. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी तशी सही पाहिली असती तर पट्टी उभी धरून माझ्या बोटांवर मारली असती. ते मृत्युपत्र मी या कलमान्वये पूर्णपणे रद्द करते.

कारण नोंदवून ठेवते. धाकट्याच्या अर्जात लिहिले आहे की त्याच सुमारास मी त्याला त्याच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारत होते, दूध चपलांच्या कपाटात ठेवत होते आणि चमच्याला काय म्हणतात ते मला आठवत नव्हते. हे सगळे खरे आहे. म्हणजे मृत्युपत्रावर सही घ्यायची तेव्हा मी शहाणी, आणि अर्ज लिहायचा तेव्हा वेडी, आणि दोन्ही एकाच आठवड्यात. असा कागद तक्रार विभागात माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल पेन्सिलने दोन्ही वाक्यांखाली रेघ मारून, काही न लिहिता परत पाठवला असता. पाठवणाऱ्याला कळायचे.

कलम २. माझी माणसे

माझे यजमान वारले. ते शांत होते, कारण आमच्या घरात बोलण्याचे खाते माझ्याकडे होते. थोरला मुलगा आजाराने गेला. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. त्याची बायको, म्हणजे माझी थोरली सून, स्वतः नोकरी करते, वेगळी राहते, आणि नवरा गेल्यावरही दर शनिवारी दुपारी माझ्याकडे येते. मी तिला कधी बोलावले नाही आणि येऊ नकोस असेही म्हटले नाही. आमचे तेवढ्यावर चालते.

धाकटा दुसऱ्या शहरात असतो. त्याने लग्न केलेले नाही. तो विषय काढला की तो उठून बाल्कनीत जातो, म्हणून मी काढत नाही. फोन रोज करतो. आळशी नाही, व्यसनी नाही, लोभी नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोणी वाचून म्हणू नये की म्हातारीने मुलाला राक्षस ठरवले. राक्षसाशी भांडणे सोपे असते.

कलम ३. राहते घर, आणि त्यात काय झाले

दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि स्वयंपाकघराला लागून बाल्कनी. घर माझ्या पगारातून घेतलेले, माझ्या एकटीच्या नावावर आहे. हे कोणाला द्यायचे ते सांगण्याआधी बॉयलरचे सांगावे लागते, कारण सगळा तमाशा त्याच्यावरून झाला.

बॉयलर स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या कपाटात आहे. गॅसवर चालतो, नळाला गरम पाणी आणि खोल्यांतल्या रेडिएटरना ऊब त्याच्यामुळे. त्याचा धूर एका नळीतून भिंतीपलीकडे, बाल्कनीत जातो आणि तिथून मोकळ्या हवेत. निदान आधी जात असे.

ते मृत्युपत्र झाले त्याच्या आदल्या हिवाळ्यात मला छातीचा त्रास झाला. स्वयंपाकघरात गार वारा फार येतो, असे मी धाकट्याला म्हणाले. थंडी सरल्यावर तो सुटी काढून आला. काचवाल्याला बोलावले, स्वतः शिडीवर चढला, मापे घेतली, आणि आख्खी बाल्कनी खालपासून वरपर्यंत काचांनी बंद करून घेतली. काम फार सुबक झाले. फटींत त्याने स्वतः रबर बसवले. मला हाताला धरून बाल्कनीत नेले आणि म्हणाला, "आता सांग, येतो कुठून वारा?"

मी म्हणाले, "कुठूनच नाही."

त्या नळीकडे आम्हा दोघांचेही लक्ष गेले नाही. काचवाल्याचे गेले असेल. पण तो पडला काचवाला; नळीचे काय, हे त्याला कोणी विचारले नाही.

पुढची थंडी पडली आणि बॉयलर बंद पडू लागला. चालू करावा, थोडा वेळ चालावा, टक् आवाज होऊन बंद. मी कंपनीला फोन केला. पहिला जो आला त्याचे नाव मी 'उद्या' ठेवले, कारण त्याच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. त्याने एक बटण दाबले, बॉयलर सुरू झाला, तो जिना उतरेपर्यंत चालला आणि बंद पडला. मी खिडकीतून हाक मारली. त्याने वर न बघता हात हलवला.

दुसऱ्याचे नाव 'पार्ट'.

"काय होतंय?"

"बंद पडतो."

"पार्ट गेला असेल."

"कोणता?"

"तो बदलल्यावर कळेल."

त्याने पंप बदलला. मग पुन्हा येऊन आतली पाटी बदलली, जिच्यावर सगळ्या वायरी येतात. मग आणखी काही बदलले. मी त्याला म्हटले, "ती धुराची नळी बघणार नाही का? कुठे जाते ती?"

"नळी भिंतीत जाते, मावशी."

"भिंतीत जाऊन राहते का तिथेच?"

"आमचं काम या डब्यापर्यंत. भिंतीपलीकडचं आमच्याकडे येत नाही."

आणि दर खेपेला, मी अंगावर कोट चढवून, पायांत दोन-दोन मोजे घालून बसलेली असताना फोनवर संदेश यायचा: आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा लिहिले आहे की त्याची किंमत मला कोणी सांगायला नको. तक्रार करणारा दमला, एवढाच त्याचा अर्थ.

घर गार पडले होते, मी संतापलेली होते, आणि माझे डोके लख्ख चालत होते. याची नोंद कोर्टाने घ्यावी. त्या दिवसांत कंपनीला पाठवलेल्या पत्रांत एक शब्द इकडचा तिकडे नाही.

मग धाकटा रजा टाकून आला आणि तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर उभा राहिला.

तिसरा म्हणाला, "साहेब, हा सारखा ट्रिप होतोय म्हणजे काहीतरी..."

"कारणं नकोत मला. महिनाभर कारणंच ऐकतोय. आई एकटी असते, थंडीने मरेल. हा बंद पडता कामा नये. एवढंच बघा."

"बंद पडता कामा नये ना?"

"नये."

"मग नाही पडणार."

त्याने आतल्या दोन वायरी काढल्या, एकमेकींना जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली, झाकण लावले आणि झाकणावर थाप मारून म्हणाला, "आता बंद पडायची हिंमत नाही त्याची." त्याचे नाव 'हिंमतवाला'. धाकट्याने त्याचा हात हातात घेऊन हलवला. मीसुद्धा आभार मानले. संध्याकाळपर्यंत रेडिएटरला हात लावता येईना इतके गरम झाले, आणि माझा मुलगा समाधानाने त्याच्या गावी गेला.

त्या दोन वायरी कशाच्या होत्या, ते नंतर अग्निशमन दलाच्या माणसाने सांगितले. धूर बाहेर न जाता परत आत येऊ लागला की बॉयलर आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाच्या त्या वायरी. बाल्कनी बंद, म्हणजे धूर कोंडलेला. कोंडलेला धूर भिंतीतल्या हवेच्या जाळीतून परत स्वयंपाकघरात. बॉयलर सारखा बंद पडत होता तो याच कारणाने. बिघडला नव्हताच. आम्ही सगळ्यांनी मिळून, पदरचे पैसे मोजून, तो बिघडवून घेतला.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि या वायूला वास नसतो. मी गरम घरात बसून राहिले, आणि हळूहळू माझ्यातले काहीतरी विझत गेले. दिवसा झोपू लागले. शब्दकोडे अर्धे सोडून द्यायचे, मग हातात घ्यायचेच सोडले. नळ वाहत राहायचा. धाकट्याने फोनवर विचारलेल्या प्रश्नाला मी आधीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे. तो घाबरला. त्याला वाटले तेच कोणालाही वाटले असते. त्याने मला स्मृतिभ्रंशाच्या एका तज्ज्ञाला दाखवले. तज्ज्ञाने मला कागदावर घड्याळ काढायला सांगितले आणि मी सगळे आकडे एकाच बाजूला काढले. वृद्धनिवासात खोली सांगून ठेवली गेली. सही घेतली गेली. अर्ज गेला.

कलम ४. थोरल्या सुनेची डोकेदुखी

शनिवारी सून आली की स्वयंपाकघरात माझ्याजवळ दुपारभर बसायची, आणि तासाभरात कपाळ दाबू लागायची. आमच्याकडे याचे सगळ्यांना हसू यायचे. सासूकडे आल्यावर सुनेचे डोके दुखते, यात शोधून काढण्यासारखे कोणाला काय वाटणार? धाकटा एकदा समोरच होता.

"काय वहिनी, नवरा गेला तरी सासूची डोकेदुखी काही सुटत नाही ना?"

"भाऊजी, गोळी आहे का तुमच्याकडे?"

"गोळीने काय होणार? आईला थोडं गप्प बसवा, आपोआप उतरेल."

मी म्हणाले, "बस स्टॉपवर पोचली की उतरतं तिचं. तिनेच सांगितलंय."

आम्ही दोघे हसलो. तीही हसली आणि गोळी घेऊन भांडी विसळायला उठली. त्या घरात तिघे होतो. एक गुदमरत होती, एकीचे डोके फुटत होते आणि तिसरा विनोद करत होता.

पुढचा संवाद सून सांगते तसा लिहिते, कारण तोवर माझी अवस्था लिहिण्यासारखी राहिली नव्हती. वाक्ये मात्र माझीच वाटतात.

"आई, एक बोलू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

"इथे आलं की माझं डोकं दुखतं."

"ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"पण तुमच्यामुळे नाही दुखत."

"मग कोणामुळे?"

"तेच तर कळत नाही. तुमचा त्रास होतो मला, नाही कशाला म्हणू? पण त्याने माझा जबडा दुखतो, दात आवळून. डोकं नाही. हे वेगळं दुखणं आहे."

यावर मी म्हणे म्हणाले, "मग येऊ नकोस." आणि डोळे मिटले.

हे मी अनेकदा मनात घोळवले आहे. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिनेही जगाचेच म्हणणे खरे मानले असते: सासू आहे, दुखणारच. यायचे बंद केले असते, आणि सगळ्यांनी तिला बरोबर म्हटले असते. तिला एकच गोष्ट पक्की माहीत होती, की आपल्याला या बाईचा इतका तिटकारा नाही. ती त्या एका गोष्टीवर अडून बसली. पुढच्या शनिवारी पर्समधून विषारी वायू असला की वाजणारे एक छोटे यंत्र आणून तिने स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले, आणि हात धुवायला गेली.

यंत्र किंचाळू लागले.

तिने खिडक्या उघडल्या, बॉयलरचे बटण खाली ओढले आणि माझ्या काखेत हात घालून मला दाराकडे नेऊ लागली. मी खुर्ची सोडेना. "माझ्या घरातून मला काढतेस?" असे मी ओरडत होते. जिन्यात शेजारपाजारचे जमले. सुनेने सासूला फरफटत घराबाहेर काढले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यातल्या दोघी ते अजून सांगत असतात. त्यांनी सांगणे थांबवावे.

अग्निशमन दलाच्या माणसाने आत जाऊन मोजणी केली, बॉयलरला सील ठोकले, बाल्कनीत उभा राहून वर-खाली पाहिले आणि विचारले, "या काचा कधी लागल्या?"

कलम ५. हॉस्पिटलात

रक्तात वायू सापडला. मी काही दिवस तिथे, मग सुनेच्या घरी तिच्या पलंगावर, आणि ती जमिनीवर गादी घालून. शब्द एकेक करून परत आले. तज्ज्ञाने पुन्हा घड्याळ काढायला सांगितले. मी आकड्यांसकट काढले आणि त्यांचे भिंतीवरचे घड्याळ मागे आहे, तेही सांगितले.

मला वाटले, आता अर्ज मागे घेतला जाईल. धाकटा खाटेजवळ बसला होता, सफरचंद कापत.

"गॅस होता, मान्य," तो म्हणाला. "पण आई, तुझं विसरणं आधीपासूनच होतं."

"आधी म्हणजे कधी?"

"आधीच."

"काचांच्या आधी, की काचांच्या नंतर?"

त्याने सुरी खाली ठेवली. "पाणी संपलंय," म्हणाला, आणि भरलेला तांब्या घेऊन बाहेर गेला.

बाहेरच्या व्हरांड्यात तो डॉक्टरांशी बोलत होता. दार लोटलेले नव्हते. "यंत्र वहिनीने आणलं, वहिनीनेच वाजवलं. घरावर डोळा आहे तिचा. तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, ती कोणाच्याही नादी लागते."

मी आयुष्यात कोणाच्याही नादी लागलेली नाही. माझी शाळा, माझे ऑफिस आणि माझे यजमान, तिघेही याला साक्ष आहेत, आणि तिघांनाही याचा त्रास झाला.

डॉक्टर म्हणाले, "पेशंट सुधारतायत. तुम्ही थोडं थांबा."

त्याने अर्ज मागे घेतला नाही.

कलम ६. वाटणी

(अ) राहते घर, आतील सर्व सामानासह, माझ्या थोरल्या सुनेला मिळावे. ते तिच्या एकटीच्या मालकीचे असेल. राहावे, भाड्याने द्यावे, विकावे; माझी आठवण म्हणून धरून बसू नये. मी तिला हे उपकाराची फेड म्हणून देत नाही. तिला सांगितले तेव्हा ती "नको" म्हणाली, मी म्हटले, "तुला विचारत नाहीये, कळवतेय."

(आ) बाल्कनीच्या काचांना सुनावणी होईपर्यंत कोणी हात लावू नये, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. त्यानंतर त्या उतरवाव्यात. बॉयलर सील आहे. मी विजेच्या शेगडीवर आणि दोन शालींवर भागवते आहे, आणि बरी आहे.

(इ) बँकेतल्या ठेवी मी जिवंत असेपर्यंत माझ्याच आहेत. नंतर उरेल ते अग्निशमन केंद्राला द्यावे. त्यातून त्यांनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या स्वयंपाकघरांत ती किंचाळणारी यंत्रे बसवावीत. म्हाताऱ्या नको म्हणतील. त्यांचे ऐकू नये.

(ई) 'पार्ट' याने बदलून काढलेले पंप, पाटी आणि इतर सर्व भाग मी एका खोक्यात ठेवले आहेत. त्यांतला एकही बिघडलेला नव्हता. ते खोके बॉयलर कंपनीच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर, उपडे करावे. पोच घ्यावी. 'हिंमतवाला' याच्याविरुद्धची तक्रार माझ्या मृत्यूनंतरही चालू राहील; ती वकीलबाईंनी चालवावी आणि समाधानकारक निवारण झाल्याचा संदेश आला तर अधिक जोमाने चालवावी.

(उ) यजमानांच्या हत्यारांची पेटी खालच्या मजल्यावरच्या सुताराला. मागून नेलेली पकड त्याच्याकडेच आहे. आता चोरी वाटणार नाही.

(ऊ) अंत्यविधी साधा करावा. भाषणे नकोत. त्या दोघी शेजारणी आल्याच तर मागे उभ्या राहाव्यात.

कलम ७. धाकटा मुलगा

धाकट्याला या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेले नाही. हे विसरून झालेले नाही, रागाच्या भरात झालेले नाही, आणि कोणी सांगितले म्हणूनही झालेले नाही.

पुढचे तुझ्यासाठी आहे. वकीलबाई म्हणाल्या, हे वेगळ्या पत्रात लिहा. मी इथेच लिहिते, म्हणजे तुला पूर्ण वाचावे लागेल.

तू घरासाठी हे केलेस असे मला वाटत नाही. तसे वाटले असते तर मला झोप लागली असती. तुला घर नको आहे. तुला मी म्हातारी व्हायला हवी आहे. माझे डोके वयाने गेले असेल तर कोणाचाच दोष नाही. पण माझे डोके शाबूत असेल, तर मग ते त्या हिवाळ्यात कशाने गेले होते, हे विचारावे लागते. आणि त्या प्रश्नाच्या टोकाला तू शिडीवर उभा आहेस, हातात रबराची पट्टी घेऊन, आईला वारा लागू नये म्हणून. तिथपर्यंत तुला जायचे नाही. म्हणून तू मला वेडी ठरवून, कुलूप लावून, रोज फोन करणार आहेस.

मला ते मान्य नाही. तुझे मन राखण्यासाठी मी वेडी होणार नाही. आई म्हणून पुष्कळ केले. एवढे होणार नाही.

काचा तू मायेने लावल्यास, हे मी लेखी देते. त्या माझ्या जिवावर बेतल्या, हेही लेखी देते. दोन्ही एकाच कागदावर राहू शकतात. मला त्रास होत नाही. तुला का व्हावा?

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. लिहून देणाऱ्याने आपल्यासमोर सही केली आणि तेव्हा त्याचे मन ठिकाणावर होते, असे त्यांनी लिहून द्यायचे असते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालेले असता कामा नये, असे वकीलबाई सांगतात. म्हणून तुला काही ठेवलेले नाही. घर दिले असते तर तुझी सही चालली नसती, आणि मला घर देण्यापेक्षा तुझी सही हवी आहे.

आज दुपारी चार वाजता ये, असा निरोप मी तुला दिला आहे. का, ते सांगितलेले नाही. तू इथे सही केलीस तर उद्याचा तुझा अर्ज तूच खोटा पाडलास, हे वकीलबाई तुला आधी स्पष्ट सांगतील. फसवून सही घेण्याची पद्धत मला आवडत नाही.

तू नाही केलीस, तर वकीलबाईंच्या ऑफिसातल्या टायपिस्ट बाई खाली गाडीत बसलेल्या आहेत. त्या वर येऊन सही करतील आणि मृत्युपत्र तितकेच पक्के होईल. मग उद्या आपण कोर्टात समोरासमोर भेटू. मी निळी साडी नेसणार आहे, आणि मला विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणार आहे. काचांच्याही.

कलम ८. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि एकही वाक्य बदलावेसे वाटले नाही.

ठिकाण: माझे राहते घर.
तारीख: सुनावणीच्या आदला दिवस, दुपार.

लिहून देणार: (सही, सरळ ओळीवर)

साक्षीदार क्रमांक एक, डॉक्टर:
लिहून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत व स्वस्थ मनाच्या आहेत, हे मी तपासून सांगतो.
(सही)

वकिलांची नोंद: साक्षीदार क्रमांक दोन वेळेवर आले. सही केल्यास त्यांच्या अर्जावर काय परिणाम होईल, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी संपूर्ण दस्त उभ्यानेच वाचला. नंतर ते बाल्कनीत गेले व बराच वेळ तिथे थांबले. त्या काळात त्यांना कोणी बोलावले नाही. परत आल्यावर त्यांनी पेन मागितले. लिहून देणाऱ्या बाईंनी त्यांच्यासमोर आपली सही पुन्हा एकदा केली. पुढील मजकूर त्यांच्याच हातचा आहे. छापील मजकूर त्यांनी नको म्हटले.

साक्षीदार क्रमांक दोन, धाकटा मुलगा:
ही माझी आई. हिने माझ्यासमोर सही केली. हिचे डोके ठिकाणावर आहे आणि त्या हिवाळ्याआधीही होते. अर्ज मी मागे घेत आहे. उद्या कोर्टात येऊन हेच सांगेन, आणि काचा कोणी लावल्या ते कोणी विचारले नाही तरी सांगेन.
(सही)